पन्हाळा ते विशाळगड : जोडप्याने एका दिवसात पावनखिंड कशी पाहावी

कोल्हापुरात नव्याने राहायला आलेली, गाडी असलेली आणि सुट्टीच्या दिवशी दोघांनीच कुठेतरी जाऊन यावे असे वाटणारी अनेक जोडपी मला विचारतात, की पावनखिंड एका दिवसात होते का. होते, आणि चांगली होते. मात्र त्यासाठी ठिकाणे कोणत्या क्रमाने पाहायची हे आधी ठरवावे लागते. ही रणभूमी एका जागी नाही. वेढा पन्हाळ्यावर पडला, लढाई खिंडीत झाली आणि ज्यांच्यासाठी ती झाली ते शिवाजी महाराज विशाळगडावर पोहोचले. म्हणून ज्या क्रमाने घटना घडली त्याच क्रमाने गाडी न्यावी, असे माझे ठाम मत आहे.

हे मत अनुभवातून झालेले आहे. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात आम्ही दोघे सकाळी अकराच्या पुढे घरातून निघालो, आंबा गावावरून थेट विशाळगडावर गेलो, तिथेच संध्याकाळ झाली आणि परतताना दाट धुक्यात खिंडीचा फलक गाडीच्या दिव्यांच्या उजेडात क्षणभर दिसून मागे पडला. ज्या जागेसाठी निघालो होतो ती जागाच राहिली. त्यानंतर आम्ही चार वेळा गेलो आहोत आणि दर वेळी पहाटे उठून, पन्हाळ्यापासून सुरुवात केली आहे.

आधी घटनाक्रम वाचून घ्यावा

निघण्याच्या आदल्या रात्री दोघांनी मिळून पुढील घटना एकदा मनात बसवाव्यात. गाडी चालवणाऱ्याला वाटेत वाचता येत नाही आणि शेजारी बसलेल्याने धावत्या गाडीत मोबाईलवरून वाचून दाखवलेले अर्धे कानावरून जाते.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखान मारला गेला आणि अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा शिवाजी महाराजांच्या हाती आला. विजापूरच्या दरबाराने हे परत मिळवण्यासाठी सिद्दी जौहरला मोठी फौज देऊन पाठवले. २ मार्च १६६० रोजी महाराज पन्हाळ्यावर आले आणि त्यानंतर गडाला वेढा पडला, तो चार महिन्यांवर चालला. राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनी जौहरला तोफा आणि दारूगोळ्याची मदत केली. पावसाळा सुरू झाल्यावर वेढा ढिला पडेल ही अपेक्षा जौहरने खोटी ठरवली. त्याच सुमारास मोगलांचा सुभेदार शायिस्ताखान पुण्यात येऊन बसला होता. दोन्ही बाजूंनी दबाव असताना गडावर अडकून राहणे परवडणारे नव्हते, हे या पलायनामागचे खरे कारण आहे.

शरणागतीची बोलणी लावून वेढ्याची सावधगिरी कमी करण्यात आली आणि १२ जुलै १६६०, आषाढ पौर्णिमेच्या रात्री, महाराज सुमारे सहाशे मावळ्यांसह गडावरून उतरले. हे मावळे प्रामुख्याने हिरडस मावळातील बांदल देशमुखांचे होते आणि त्यांच्यासोबत बाजीप्रभू देशपांडे होते. महाराजांसारखा वेश करून दुसऱ्या पालखीत बसलेल्या शिवा काशीद यांनी पाठलाग आपल्याकडे वळवून घेतला आणि त्यात प्राण दिला, असे परंपरा सांगते. फसवणूक उघड झाल्यावर जौहरच्या फौजेतील सिद्दी मसूद मागावर निघाला. १३ जुलैला घोडखिंडीत बाजीप्रभूंनी निम्म्या लोकांसह त्याला अडवून धरले आणि महाराज उरलेल्यांसह विशाळगडाकडे गेले. तिथेही शृंगारपूरचे सुर्वे आणि पालवणचे दळवी यांचा वेढा होता, तो फोडूनच गडावर जावे लागले. महाराज पोहोचल्याची खूण म्हणून गडावरून तोफा झाल्या आणि ती खूण कानी पडेपर्यंत बाजीप्रभूंनी खिंड सोडली नाही, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. घोडखिंडीची पावनखिंड झाली ती या दिवसामुळे.

कोणत्या महिन्यात जावे

घटना आषाढातील असल्यामुळे अनेकांना जुलैतच जावेसे वाटते. या ओढीचा मला आदर आहे, पण पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबर निवडावा. तेव्हा डोंगर अजून हिरवे असतात, खिंडीत पाणी खेळत असते आणि दगडांवरचे शेवाळ पाय घसरण्याइतके ओले राहिलेले नसते. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड पायी मोहिमाही निघतात. त्या दिवसांत अरुंद रस्त्यांवर मुलांचे जथे चालत असतात आणि गाडी घेऊन त्यांच्यामध्ये शिरणे कोणाच्याच सोयीचे नसते.

तरीही पावसाळ्यातच जायचे असेल, तर सकाळी निघण्यापूर्वी राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची पातळी पाहावी. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. पाणी या आकड्यांकडे सरकू लागले की रत्नागिरी रस्ता केर्लीच्या बाजूला कधी बंद होईल याचा नेम नसतो. सकाळी जाताना रस्ता सुरू होता म्हणून संध्याकाळीही सुरू असेल, असे धरून चालू नये. २०२१ च्या जुलैतील अतिवृष्टीत पन्हाळ्यावर जाणारा मुख्य रस्ताच खचला होता आणि गडावरच्या लोकांना पुढे कित्येक महिने त्याचा त्रास सोसावा लागला.

गाडी आणि सामान

गाडी कोणतीही चालते, परंतु स्टेपनीत हवा आहे का आणि जॅक-पाना गाडीतच आहे का, हे आदल्या दिवशी पाहावे. पेट्रोल कोल्हापुरात भरावे, राहिले तर मलकापुरात भरावे. त्यापुढे पंप मिळेल या भरवशावर जाऊ नये. मलकापूर सोडल्यावर मोबाईलची रेंज जात-येत असते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवावा. दुचाकीवर जाणाऱ्यांनी दोघांसाठी हेल्मेट आणि पूर्ण रेनकोट घ्यावेत. घाटमाथ्यावर छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही.

नकाशावर नाव टाकताना दोन ठिकाणी चूक होते. पावनगड आणि पावनखिंड ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. पावनगड पन्हाळ्याला लागून असलेला जोडकिल्ला आहे आणि खिंड तिथून बरीच दूर, शाहूवाडी तालुक्यात आहे. मलकापूरचेही तसेच आहे. कराडजवळ एक मलकापूर आहे, बुलढाणा जिल्ह्यात आणखी एक आहे. आपल्याला शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर हवे आहे, जे पूर्वी कोल्हापूर संस्थानातील विशाळगड जहागिरीचे मुख्य ठिकाण होते.

पायांत पकड असलेले बूट, बदलायला एक कपड्यांचा जोड, दोघांना पुरेल एवढे पाणी आणि एक टॉर्च एवढे असले की पुरते. पावसाळ्यात जळवांचा त्रास होतो, तेव्हा मिठाची पुडी जवळ असावी.

पहिला टप्पा : पन्हाळा

सकाळी साडेसहाच्या आत शिवाजी पूल ओलांडावा. वाघबिळावरून डावीकडे वळून घाट चढला की सुमारे २० किलोमीटरचा हा प्रवास पाऊण तासात होतो. गडाच्या नाक्यावर प्रवेशाची पावती घ्यावी लागते, तिच्यासाठी सुटे पैसे हाताशी ठेवावेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत पन्हाळ्याचा समावेश झाला आहे. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी दहानंतर गाडी लावायला जागा शोधत फिरण्यापेक्षा सकाळीच पोहोचलेले बरे.

पन्हाळ्यावर पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण आज आपण वेढा समजून घेण्यासाठी आलो आहोत हे लक्षात ठेवून चारच ठिकाणे निवडावीत. पहिले अंबरखाना. गंगा, यमुना आणि सरस्वती या तीन प्रचंड धान्यकोठारांच्या जाड भिंती पाहिल्या, की गड चार महिने कशावर टिकून राहिला याचे अर्धे उत्तर मिळते. उरलेले अर्धे उत्तर तीन दरवाजाजवळच्या अंधारबावीत आहे. बाहेरून साधी इमारत वाटणाऱ्या वास्तूच्या पोटात विहीर लपवलेली आहे, शत्रूच्या हाती पाणी लागू नये एवढ्यासाठी. या विहिरीच्या पायऱ्यांवर दोघांनी क्षणभर गप्प उभे राहावे. वरचा उजेड पाण्यापर्यंत पोहोचेतो कसा मंदावतो, हे डोळ्यांना जाणवते.

तिसरे ठिकाण पुसाटी बुरूज. इथून पश्चिमेकडे मसाई पठाराची लांबलचक सपाटी दिसते. महाराज त्या रात्री याच बाजूने गेले. पठारावर आडोसा जवळजवळ नाही. पौर्णिमेची रात्र, म्हणजे ढग फाटले तर लख्ख चांदणे. पाऊस कोसळत राहिला तरच लपणे शक्य. त्या रात्री मुसळधार पाऊस हा शत्रू नव्हता, सोबती होता, हे माझ्या पतींनी या बुरुजावर उभे असताना मला दाखवून दिले आणि तेव्हापासून मी आषाढाच्या पावसाकडे निराळ्या नजरेने पाहते.

चौथे ठिकाण राजदिंडी, म्हणजे महाराज त्या रात्री ज्यातून उतरले तो गडाचा छोटा दरवाजा, आणि इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. तीन दरवाजाचा थाट पाहून आलेल्या माणसाला ही दिंडी फार लहान वाटते. ती लहान असणे हेच तिचे काम होते. दिंडीतून थोडे खाली उतरून मागे वळून पाहावे. रात्री, पावसात, मशाल न पेटवता, खांद्यावर पालखी घेऊन ही उतरण उतरायची होती. आम्ही एकदा ऑक्टोबरच्या कोरड्या सकाळी इथे उतरत असताना मी पतींचा हात धरला होता, तरीही दोनदा पाय सरकला. सहाशे माणसांनी आवाज न करता हे कसे केले असेल, या प्रश्नापाशी थांबावे आणि मगच गाडीकडे परतावे.

गाडीत बसल्यावर ट्रिप मीटर शून्यावर आणावा. रस्ता आणि पायवाट एक नसली तरी मागे किती अंतर राहिले याचे भान त्यामुळे येते.

बाजीप्रभूंचा आणि शिवा काशीद यांचा पुतळा गडावरच आहे, त्यांना वंदन करूनच निघावे. न्याहारीसाठी झुणका-भाकर, खर्डा आणि घट्ट दही मिळते. ते पोटभर खावे, कारण पुढे जेवायला उशीर होतो. स्वच्छतागृहाची सोयही इथेच उरकून घ्यावी. पुढची बरी सोय मलकापुरात आहे, खिंडीपाशी तिची अपेक्षा धरू नये. स्त्रियांच्या दृष्टीने ही सूचना महत्त्वाची आहे आणि ती कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम लिहिते.

मसाई पठारावर वाकडी वाट करून जाता येते. पठार हे संवर्धन राखीव क्षेत्र असल्यामुळे गाडी रस्त्यावरच ठेवून पायी चालावे. एका दिवसाच्या फेरीत मात्र पठारासाठी वेळ उरत नाही, त्यामुळे ते दुसऱ्या खेपेसाठी ठेवावे.

दुसरा टप्पा : बांबवडे, मलकापूर आणि पांढरपाणी

साडेदहापर्यंत गड उतरून वाघबिळावर पुन्हा रत्नागिरी महामार्गाला लागावे. बांबवडे आणि शाहूवाडीवरून मलकापूर गाठायला तासाभराच्या आसपास लागतो. रस्तारुंदीची कामे चालू असलेल्या भागात थोडा अधिक वेळ धरावा. मलकापुरात चहा, पाणी आणि पेट्रोल घेऊन येळवण जुगाईच्या दिशेने वळावे आणि पुढे पांढरपाणी विचारत जावे. रस्ता अरुंद आहे. समोरून एस.टी. आली तर ज्याच्या बाजूला जागा असेल त्याने थांबायचे, हा इथला रिवाज आहे आणि तो पाळावा.

या टप्प्यात गाडीची काच थोडी खाली ठेवावी. पन्हाळ्याची उघडी सपाटी मागे पडून झाडी दाटू लागते, रस्ता उताराला लागतो, ओढे आडवे येतात. १४५३ मध्ये बहमनी सुलतानाच्या मलिक-उत्-तुज्जार या सरदाराची मोठी फौज याच खेळण्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या, रानात शिरली आणि बुडाली. या मुलखात सैन्याची संख्या मोठी असण्याचा उपयोग होत नाही, उलट ती अडचण होते, हे पावनखिंडीच्या लढाईआधी दोनशे वर्षे सिद्ध झाले होते. बाजीप्रभूंनी खिंडीची जागा निवडली तेव्हा या भूमीचा हाच गुण त्यांच्या कामी आला.

तिसरा टप्पा : खिंड

पांढरपाणी ओलांडल्यावर खिंडीचा फलक दिसतो. गाडी लावून थोडे चालले की वर स्मारक लागते. बहुतेक लोक इथेच नमस्कार करून, छायाचित्र काढून परततात. असे करू नये. खरी खिंड खाली आहे. लोखंडी जिन्याने घळीत उतरावे लागते आणि ते उतरणे टाळले, तर इतका प्रवास करून आपण लढाईची जागा पाहिलीच नाही, असे होईल. जोराचा पाऊस असेल किंवा ओढ्याला लोंढा असेल, तर मात्र उतरू नये, वरूनच पाहावे. या घळीत पाणी अचानक वाढते.

खाली उतरताना एकाने पुढे जावे, दुसऱ्याने मागे राहावे, आणि दोघांनी एकाच वेळी जिन्यावर घाई करू नये. तळाला पोहोचल्यावर पायांखाली गोल, निसरडे दगड असतात. बूट काढून अनवाणी चालण्याचा मोह भक्तीपोटी होतो, तो आवरावा.

इथे आम्ही एक गोष्ट करतो, ती प्रत्येक जोडप्याने करून पाहावी. एकाने घळीत एका जागी उभे राहावे आणि दुसऱ्याने पावले मोजत, ज्या दिशेने पाठलाग आला त्या दिशेला चालत जावे. थोड्याच पावलांत वळण येते आणि मागचा माणूस दिसेनासा होतो. पतींनी मला हाक मारली तेव्हा ती दोन्ही कड्यांवर आपटून माझ्यापर्यंत आली, पण ते नेमके कुठे आहेत हे मला कळेना. मग मी दोन्ही हात पसरून पाहिले. एका कड्याच्या ओल्या, काळ्या दगडाला बोटे लागली; दुसरा कडा माझ्यापासून काही पावलांवर होता. त्या क्षणी मला लढाई समजली. इथे घोडदळाला वेग घेता येत नाही, मागच्या माणसाला पुढे काय चालले आहे ते दिसत नाही, आणि हजार माणसे आली तरी अंगावर येऊ शकतात ती पुढची थोडीच. तीनशे माणसांनी मोठ्या फौजेला प्रहर-प्रहर अडवून धरणे हा चमत्कार नव्हता. जागेची अचूक पारख आणि तिथून न हलण्याचा निश्चय यांनी ते घडवले. शौर्य त्यामुळे कमी होत नाही, उलट मला ते अधिक मोठे दिसते, कारण रात्रभर चिखलातून धावत आलेल्या माणसांनी हा विचार केला होता.

खिंडीत किमान पाऊण तास थांबावे. परिसर कासारी नदीच्या उगमाचा आहे, तेव्हा पाण्यात साबण, निर्माल्य किंवा प्लास्टिक टाकू नये. मोठ्याने गाणी लावलेली मंडळी भेटली, तर त्यांना शांतपणे विनंती करावी. आमच्या अनुभवात बहुतेक जण लगेच ऐकतात.

चौथा टप्पा : विशाळगड

खिंडीपासून गजापूरमार्गे विशाळगडाचा पायथा फार दूर नाही. गडावर जाण्याच्या वेळा आणि प्रवेशाचे नियम प्रशासनाने अलीकडच्या वर्षांत वेळोवेळी बदलले आहेत, म्हणून निघण्याच्या दिवशी शाहूवाडी तहसील कार्यालयाकडून किंवा पोलिसांकडून खात्री करून घ्यावी आणि तिथे सांगतील ते पाळावे. ओळखपत्र दोघांनी जवळ ठेवावे.

वाहनतळ आणि गड यांच्यामध्ये खोल दरी आहे. ती पुलावरून ओलांडून पायऱ्या चढाव्या लागतात. चढ उभा आहे, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी काठी घ्यावी. गडावर हजरत मलिक रेहान यांचा दर्गा आहे आणि जुनी मंदिरे आहेत. दोन्हीकडे भाविकांची वर्दळ असते. आपल्याला शोधायची आहे ती बाजीप्रभू आणि त्यांचे बंधू फुलाजीप्रभू यांची समाधी. ती गडाच्या मुख्य गर्दीपासून बाजूला, उतारावर, झाडीत आहे. वाट विचारत जावे लागते, परंतु विचारल्यावर कोणीही आनंदाने सांगते. पहिल्या खेपेला आम्ही समाधीपाशी पोहोचलो तेव्हा तिथे एक वयस्क जोडपे आधीच बसले होते. त्या आजींनी पदराच्या टोकाने दगडावरची वाळलेली पाने झाडली, पिशवीतून झेंडूची दोन फुले काढली, त्यातले एक माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "वाहा बाई, तुम्ही बी लांबनं आलायसा." आता आम्ही घरूनच फुले नेतो.

इथून ज्या बाजूला खिंड आहे तिकडे पाहिले तर मध्ये रान आणि डोंगराचे खांदे आहेत. तोफेचा आवाज तेवढे अंतर कापून घळीत कसा पोहोचला असेल, याची चर्चा आमच्यात दर वेळी होते आणि दर वेळी आम्ही समाधीपाशी थोडे अधिक बसतो.

एक गोष्ट सोबतीला सांगून ठेवावी, कारण ती अनेकांना माहीत नसते. ज्या पन्हाळ्यावरून सकाळी निघालो, तो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तहाने आदिलशाहीला परत द्यावा लागला आणि ६ मार्च १६७३ रोजी कोंडाजी फर्जंद यांनी साठ माणसांनिशी रात्रीच्या छाप्यात तो परत जिंकला. म्हणजे खिंडीत वाचवला गेला तो गड नव्हता, राजा होता.

परतीचा रस्ता

साडेचारला गड उतरायला लागावे. परतताना गजापूरहून आंब्याच्या रस्त्याने महामार्गाला लागणे सोपे पडते. हा जंगलाचा भाग आहे आणि तिन्हीसांजेला गवे रस्त्यावर येतात. गवा दिसला तर गाडी लांबच उभी करावी, हॉर्न वाजवू नये, प्रखर दिवा त्याच्या डोळ्यांवर टाकू नये, आणि छायाचित्रासाठी कोणीही खाली उतरू नये. एक ओलांडून गेला की लगेच गाडी सोडू नये. मागे कळप असतो. आम्ही एकदा असेच थांबलो असताना पहिल्या गव्यानंतर चांगली पाच मिनिटे काहीच हलले नाही आणि मग एकामागून एक सात जनावरे, त्यांत एक वासरू, संथपणे रस्ता ओलांडून कारवीत शिरली.

दिवसभर एकानेच गाडी चालवली असेल, तर आंब्यापासून पुढे दुसऱ्याने चालवावी. दोघांना येत नसेल, तर मलकापुरात अर्धा तास थांबून गरम चहा घ्यावा आणि मगच निघावे. वाघबिळापाशी येईपर्यंत अंधार पडलेला असतो आणि पन्हाळ्यावरचे दिवे लागलेले दिसतात. तिथे ट्रिप मीटरवरचा आकडा एकदा वाचून घ्यावा.